हिमवादळाचा इशारा आल्यापासून बर्फ उपसून होईपर्यंत

२३ डिसेंबर २०२२ ला सकाळी न्यू यॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात पाऊस पडत होता. काही तासांत पारा शून्याच्या कितीतरी खाली उतरला. ईरी सरोवरावरून ताशी शंभर किलोमीटरच्या वर झोत येऊ लागले आणि सलग ३७ तास समोरचं काही दिसेनासं झालं. विमानतळावर त्या वादळात सुमारे ५२ इंच बर्फ मोजला गेला. शहर आणि आजूबाजूच्या भागात मिळून चाळीसहून अधिक माणसं गेली. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, नोव्हेंबरात, शेजारच्या ऑर्चर्ड पार्कमध्ये ८० इंचांच्या आसपास बर्फ पडला होता, पण बळी त्या मानाने फारच थोडे होते.

या दोन वादळांमधला फरक समजून घेतला पाहिजे. डिसेंबरातले बहुतेक लोक बर्फाखाली दबून गेले नाहीत. काही रस्त्यात गाडीत अडकले, काही पायी निघाले आणि गारठले. काहींच्या घरातली वीज गेली आणि त्यासोबत ऊबही गेली, काहींचं हृदय बर्फ उपसताना बंद पडलं. अँब्युलन्स आणि बंबच रस्त्यात रुतल्यामुळे फोन करूनही कोणी पोचू शकलं नाही. वाहनबंदी लागू झाली सकाळी साडेनऊला. तोवर लोक कामावर निघून गेले होते.

न्यू जर्सी, बॉस्टन, शिकागो, डेट्रॉइट, टोरांटो या पट्ट्यात दरवर्षी नवी मराठी कुटुंबं राहायला येतात. त्यांच्यासाठी हा लेख आहे. वादळ सुरू झाल्यावर करता येण्यासारखं फार थोडं उरतं. खरं काम आधीच्या दीड-दोन दिवसांत असतं, म्हणून लेखाचा जास्त भर तिथेच आहे.

इशारा कसा वाचायचा

अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचे दोन शब्द नीट लक्षात ठेवा. 'वॉच' म्हणजे वादळाची शक्यता आहे. तो साधारण एक-दोन दिवस आधी येतो आणि तयारीची वेळ हीच. 'वॉर्निंग' म्हणजे वादळ येणार हे नक्की, किंवा आलंच आहे. त्यानंतर दुकानात धावत जाण्यात अर्थ नाही.

'ब्लिझर्ड' हा शब्द बर्फ किती पडणार हे सांगत नाही. ताशी ५६ किलोमीटर किंवा अधिक वेगाचा वारा, ४०० मीटरपेक्षा कमी दृश्यमानता आणि हे सलग किमान तीन तास, असं असेल तर ब्लिझर्ड. आधीचाच भुसभुशीत बर्फ वाऱ्याने उडूनही ब्लिझर्ड होतो. म्हणून "सहाच इंच सांगितलाय" एवढं ऐकून निर्धास्त होऊ नका, वाऱ्याचा आकडाही बघा.

सरोवरांच्या काठी आणखी एक भानगड असते. तुलनेने उबदार पाण्यावरून अतिथंड हवा गेली की ती बाष्प उचलते आणि काठावर बर्फाचा अरुंद पट्टा ओतते. हा पट्टा दहा-वीस किलोमीटर रुंद असतो. त्याच्या आत ताशी दोन-तीन इंच बर्फ पडत असतो आणि पलीकडे ऊन असतं. ऑफिसातून निघताना आकाश निळं असलं तरी घरापाशी काय चाललंय याची त्यावरून काहीच कल्पना येत नाही. निघण्याआधी रडार बघा.

आधीचे दोन दिवस: घर

सुरुवात कार्बन मोनॉक्साइडच्या डिटेक्टरपासून करा. या वायूला वास नाही, रंग नाही, आणि डोकं दुखणं, मळमळणं, झोप येणं ही लक्षणं सर्दी-तापासारखीच वाटतात. प्रत्येक मजल्यावर आणि झोपण्याच्या खोल्यांपाशी डिटेक्टर हवा. बटण दाबून तपासा, बॅटरी बदला आणि मागची तारीख वाचा. डिटेक्टरचं आयुष्य पाच ते दहा वर्षांचं असतं, त्यानंतर तो भिंतीवर असून नसल्यासारखा. आवाजातला फरकही घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. तीन-तीनदा वाजला तर धूर, चार-चारदा वाजला तर कार्बन मोनॉक्साइड, मधूनच एकदा 'चिक्' वाजला तर बॅटरी किंवा डिटेक्टर संपलाय.

मग कोट घालून घराला बाहेरून एक फेरी मारा. आजच्या बहुतेक नव्या फर्नेसची (घर गरम ठेवणाऱ्या यंत्राची) हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी नळी छपरातून न जाता बाजूच्या भिंतीतून, जमिनीपासून फूट-दोन फुटांवर निघते. दोन पांढरे प्लास्टिकचे पाइप शेजारी शेजारी दिसतील. कपड्यांच्या ड्रायरचं तोंड आणि काही घरांत गिझरचा पाइपही तिथेच असतो. वाऱ्याने भिंतीशी बर्फाचा ढीग लागला की ही तोंडं बुजतात. नवी फर्नेस अशा वेळी स्वतःहून बंद पडते आणि घर गारठतं. जुनं यंत्र बंद न पडता कार्बन मोनॉक्साइड घरातच सोडू शकतं. जानेवारी २००५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला असंच तोंड बुजून एका सात वर्षांच्या मुलीचा जीव गेला, आणि त्यानंतर त्या राज्यात घरोघरी डिटेक्टर सक्तीचा झाला. ही तोंडं कुठे आहेत ते आजच बघा आणि शेजारी एक उंच काठी रोवून ठेवा. तीन फूट बर्फात, अंधारात ती जागा शोधणं फार कठीण जातं. गॅस मीटरपाशीही तशीच खूण करा.

आता पाणी. गोठल्यावर पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण पाइप जिथे बर्फ होतो तिथेच फुटतो असं नाही. बर्फाचा बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये जे पाणी कोंडतं त्याचा दाब वाढत जातो आणि त्या टप्प्यातला एखादा कमजोर सांधा उसळतो. नळ थेंब-थेंब सोडून ठेवायचा तो यासाठी. वाहतं पाणी गोठत नाही म्हणून नव्हे, तर दाबाला वाट मिळते म्हणून. बाहेर पारा उणे सात अंश सेल्सिअसच्या खाली जाणार असेल तर (या लेखातले सगळे अंश सेल्सिअसच) बाहेरच्या भिंतीलगतचे नळ, गरम आणि थंड दोन्ही, रात्रभर थेंबावर ठेवा. सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा, म्हणजे खोलीची ऊब पाइपांपर्यंत जाईल. स्वयंपाकघराचं सिंक बहुतेक घरांत बाहेरच्या भिंतीला असतं, म्हणून तेच आधी गोठतं. त्याखालोखाल गॅरेजवरच्या खोलीचे पाइप आणि बेसमेंटच्या कडेने गेलेले पाइप.

बागेच्या नळाचा होज काढलाय ना? न काढता राहिला तर नळाच्या आतल्या भागात पाणी अडकतं आणि फुटलेलं कळतं थेट वसंतात, पहिल्यांदा नळ सोडल्यावर. होज काढा, आतला व्हॉल्व्ह बंद करा आणि बाहेरचा नळ उघडा ठेवा.

आणि मुख्य व्हॉल्व्ह. घरात येणारं पाणी कुठे बंद होतं हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला हात लावून दाखवा. बेसमेंटच्या पुढच्या भिंतीपाशी, मीटरजवळ तो सहसा असतो. वर्षानुवर्षं न फिरवल्यामुळे जाम झाला असेल तर ते आज कळलेलं बरं. भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये तो कुठे आहे हे व्यवस्थापकाला विचारून घ्या.

सामानाबद्दल थोडक्यात. माणशी रोज चार लिटर पाणी, तीन दिवसांचं. टब आणि बादल्या भरून ठेवा, फ्लशला उपयोगी पडतात. घराला विहिरीचं पाणी असेल तर वीज गेली की पंप बंद, नळही बंद, त्यामुळे तिथे हे दुप्पट. न शिजवता खाता येईल असं काही हवंच: दशम्या, चिवडा, लाडू, शेंगदाण्याची चटणी, पातळ पोहे, लोणचं, मेतकूट. औषधं दहा दिवसांची. आई-बाबा भारतातून आलेले असतील तर त्यांच्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या मोजा, कारण इथल्या दुकानात चिठ्ठीशिवाय त्या मिळत नाहीत. बॅटरीवरचे दिवे, भरलेल्या पॉवर बँका, आणि बर्फ वितळवायचं मीठ.

वादळात वीज गेली तर

इथे नव्याने आलेल्यांची एक समजूत नेहमी चुकते. "आमची फर्नेस गॅसवर आहे, वीज गेली तरी चालेल." चालत नाही. पंखा, ठिणगी आणि थर्मोस्टॅट विजेवर असतात, त्यामुळे वीज गेली की ऊबही गेली.

मग माणूस पेटवता येईल असं काहीतरी शोधायला लागतो. आपल्याकडे खेड्यात थंडीत शेगडी जवळ घेऊन बसायची सवय असते, पण त्या घरांना कौलांतून, दारांच्या फटींतून वाट असते. इथली घरं ऊब बाहेर जाऊ नये म्हणूनच घट्ट बांधलेली असतात. कोळशाची शेगडी, बार्बेक्यू किंवा प्रवासातला गॅसचा स्टोव्ह घरात, गॅरेजात किंवा बंद बाल्कनीत कधीही पेटवू नका, खिडकी उघडी ठेवूनसुद्धा नाही. गॅसचा ओव्हन उघडा ठेवून खोली गरम करू नका. फेब्रुवारी २०२१ च्या टेक्सासमधल्या थंडीत, ज्यात सरकारी नोंदीप्रमाणे २४६ जण गेले, बर्फाची सवय नसलेल्या घरांत नेमकं हेच झालं आणि माणसं विषारी वायूने गेली. वरच्या बर्नरवर काडीने पेटवून भात-आमटी करून घेणं वेगळं. ते करा, काम झालं की बंद करा.

जनरेटर असेल तर घरापासून किमान वीस फूट लांब, धुराचं तोंड घराच्या उलट्या दिशेला. गॅरेजचं दार उघडं आहे म्हणून आत ठेवायचा नाही.

ऊब टिकवायची तर सगळ्यांनी एकाच खोलीत राहा. लहान, कमी खिडक्यांची, शक्यतो दक्षिणेकडची खोली निवडा. दाराच्या फटीला टॉवेल, खिडक्यांना रजया. मुलांसाठी पलंगावर चादरींचा तंबू केला तर शरीराच्या ऊबेनेच तो बऱ्यापैकी गरम राहतो. कपडे थराथराने: अंगाला लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, वर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं. सुती बनियन घामाने ओला झाला की सुकत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतो, म्हणून तो नको.

फ्रिज उघडू नका. बंद राहिला तर चार तास थंडी धरतो. गच्च भरलेला फ्रीझर साधारण ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास. बाहेर बर्फ आहे म्हणून अन्न अंगणात मांडू नका, कारण दुपारच्या उन्हात डब्याच्या आत चार अंशांवर जायला वेळ लागत नाही, शिवाय जनावरं येतात. बर्फ भरलेल्या कूलरमध्ये ठेवलं तर चालेल. इन्सुलिनला हा उपाय लावू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं, भले ते पुन्हा पातळ दिसो. ते घरातच, गोठणार नाही अशा जागी ठेवा.

घरातलं तापमान दहाच्या खाली उतरायला लागलं आणि वीज परतायची चिन्हं नसली तर पाइप रिकामे करायची वेळ आली. क्रम असा: मुख्य व्हॉल्व्ह बंद. गिझर विजेचा असेल तर त्याचा ब्रेकर बंद, गॅसचा असेल तर 'पायलट'वर, म्हणजे आतली छोटी ज्योत तेवढी ठेवून. मग सगळ्यात वरच्या मजल्याचा नळ उघडा, त्यानंतर सगळ्यात खालचा. वरून हवा आत शिरली की पाणी खालून सगळं निघून जातं. शेवटी फ्लश ओढा. घर गोठवून पाइप फुटण्यापेक्षा दोन दिवस बादलीने काम भागवणं कितीतरी स्वस्त.

नळ उघडूनही पाणी येत नसेल तर पाइप गोठलाय. नळ उघडा ठेवा आणि हेअर ड्रायरने नळाच्या बाजूने सुरू करून मागे मागे जा. उलट, मधूनच तापवलं तर वितळलेलं पाणी दोन बुचांमध्ये अडकतं. ब्लो टॉर्च किंवा उघडी ज्योत वापरून लाकडी भिंती पेटल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

दर दोन-तीन तासांनी, वारा परवडेल तेवढा असेल तर, त्या पांढऱ्या पाइपांची तोंडं हाताने मोकळी करा. फावड्याने ठोकायचं नाही, प्लास्टिक थंडीत काचेसारखं तडकतं. गॅस मीटरवरचा बर्फही हाताने किंवा केरसुणीने झाडायचा.

फावडं

१६ फूट रुंद, ४० फूट लांब ड्राइव्ह-वे म्हणजे ६४० चौरस फूट. एक फूट हलक्या, भुसभुशीत बर्फाचं वजन चौरस फुटाला साधारण पाच पौंड. म्हणजे सकाळी दार उघडल्यावर समोर जवळजवळ दीड टन वजन पडलेलं असतं. अटलांटिककडून आलेल्या ओल्या वादळाचा बर्फ याच्या दुप्पट भरतो. हे वजन ऑफिसात दिवसभर खुर्चीत बसणारा माणूस उपाशी पोटी, शून्याखालच्या हवेत, एका तासात उचलायला जातो. थंड हवेने रक्तवाहिन्या आकसतात, हातांनी वर उचलताना आपण नकळत श्वास रोखतो, आणि रक्तदाब झपाट्याने चढतो. भारतीय वंशाच्या लोकांना हृदयविकार तुलनेने लवकर गाठतो हे डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. पंचेचाळिशीच्या पुढे असाल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर पन्नास-शंभर डॉलर देऊन माणूस बोलवा. यात कमीपणा नाही.

स्वतः करणार असाल तर बर्फ थांबायची वाट बघू नका. दर तीन-चार इंचांना एकदा असं तीनदा उपसलं तर एकूण वजन तेवढंच राहतं, पण दर खेपेला ते पेलण्याजोगं असतं. उचलू नका, ढकला. उचलावंच लागलं तर अर्धं फावडं, गुडघे वाकवून, आणि टाकताना कमरेत पीळ न देता पूर्ण अंग वळवून. फावड्याच्या पात्याला मेणाचा किंवा तेलाचा हात फिरवला की ओला बर्फ चिकटत नाही. पंधरा मिनिटं काम, पाच मिनिटं आत. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात दुखणं, थंडीतही घाम, असं झालं तर ॲसिडिटी समजून जिन्यावर बसू नका, ९११ हा तातडीच्या मदतीचा नंबर फिरवा.

कुठून सुरुवात करायची? आधी दारापासून रस्त्यापर्यंत एक माणसाची वाट, मग गाडी. रस्त्याशी मिळणारा तोंडाचा भाग सगळ्यात शेवटी, कारण महापालिकेचा नांगर (रस्त्यावरचा बर्फ कडेला ढकलणारी गाडी) येतो आणि तिथे पुन्हा कठीण बर्फाचा बांध घालून जातो. यावर एक उपाय आहे. रस्त्याकडे तोंड करून उभे राहा. नांगर तुमच्या डावीकडून येतो. ड्राइव्ह-वेच्या डाव्या बाजूला, रस्त्याच्या कडेने दहा-बारा फूट मोकळी जागा उपसून ठेवा. नांगराने ओढून आणलेला बर्फ आधी तिथे रिकामा होतो, तुमच्या तोंडाशी थोडाच उरतो. आणि उपसलेला बर्फ कधीही डावीकडे टाकू नका, उजवीकडे टाका.

स्नोब्लोअरचं (बर्फ उडवून बाजूला फेकणाऱ्या यंत्राचं) तोंड ओल्या बर्फाने तुंबलं तर इंजिन बंद करा, पाती पूर्ण थांबू द्या, आणि सोबत मिळणारी काठीच वापरा. इंजिन बंद असतानाही अडकलेल्या पात्यांमध्ये ताण शिल्लक असतो आणि अडथळा सुटताच ती अर्धा फेरा फिरतात. बोटं जातात ती याच वेळी.

मिठाचं प्रमाण बहुतेक लोक चुकवतात. एक मोठा कॉफीचा मग भरून, म्हणजे सुमारे पाव ते अर्धा किलो, वीस फुटी ड्राइव्ह-वेला पुरतो. दाण्यांमध्ये दोन-तीन इंच अंतर दिसलं पाहिजे. साधं खडे मीठ उणे नऊच्या आसपास काम करेनासं होतं. त्याखाली कॅल्शियम क्लोराइड घ्या किंवा नुसती वाळू टाका, पकड मिळते. मीठ बर्फ उपसल्यावर टाकायचं, जाड थरावर ओतून काही होत नाही.

फूटपाथ साफ करायची जबाबदारी बहुतेक गावांत घरमालकाची असते. न्यू यॉर्क शहरात सकाळी ७ ते दुपारी ४:४९ दरम्यान बर्फ थांबला तर चार तासांत वाट मोकळी करावी लागते. तुमच्या गावाचा नियम वेगळा असेल, तो बघून घ्या. घरासमोर अग्निशमनाचा नळ असेल तर त्याभोवती तीन फूट जागा उपसा.

गाडी

वाहनबंदी निघायची वाट बघू नका. ब्लिझर्डचा वॉर्निंग असेल तर साहेबांना आदल्या दिवशीच कळवा. तरीही जावंच लागलं तर टाकी भरलेली, डिकीत रजई, लहान फावडं, वाळूची पिशवी, चिक्की, पाणी (बाटली पाऊण भरलेली, नाहीतर गोठून फुटते) आणि चार्जर.

अडकलात तर गाडी सोडू नका. पांढऱ्या झोतात वीस पावलांवरचं घर दिसत नाही आणि दिशा चुकते. गाडीच्या मागचा धुराडा बर्फाने बुजलाय का ते आधी बघा आणि दरवेळी इंजिन सुरू करण्यापूर्वी पुन्हा बघा. तासाला दहा मिनिटं इंजिन, त्या वेळात वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी बोटभर उघडी. रंगीत ओढणी अँटेनाला किंवा खिडकीला बांधा. इलेक्ट्रिक गाडीत धुराचा प्रश्न नाही, पण पूर्ण केबिन तापवण्यापेक्षा फक्त सीटचं हीटिंग ठेवलं तर चार्ज कितीतरी जास्त टिकतो.

कोणाचं थरथरणं थांबलं, बोलणं अडखळायला लागलं, विचित्र वागायला लागलं, तर शरीराचं तापमान धोक्याच्या खाली गेलंय. ओले कपडे काढा, छाती-मान-काख आधी उबदार करा, हातपाय चोळू नका, दारू देऊ नका. बोटं पांढरी, मेणासारखी झाली असतील तर कोमट पाण्यात, ३७ ते ३९ अंश, बुडवा. पुन्हा गारठायची शक्यता असेल तर मात्र वितळवू नका.

वादळ गेल्यावर

छपराकडे बघा. बऱ्याच घरांची छपरं चौरस फुटाला किमान वीस पौंड पेलतात. म्हणजे ताजा बर्फ चार फूट, पण जुना, दबलेला दोनच फूट. त्यावर पाऊस पडला तर आणखी वजन. दारं अचानक अडकायला लागली, छत करकरलं, भिंतीला नवी भेग दिसली तर सामान न घेता बाहेर या. एरवी जमिनीवर उभं राहून लांब दांड्याच्या रेकने कडेचा तीन-चार फूट बर्फ ओढा, शेवटचे दोन इंच राहू द्या, नाहीतर छपरावरची शिंगल्स (कौलांसारखे पातळ तुकडे) निघतात. शिडी लावून वर जायचं नाही. कडेचा बर्फ काढला की पाणी अडवून ते आत मुरवणारा बर्फाचा बांधही तयार होत नाही.

नुकसान झालं असेल तर आवरण्याआधी फोटो काढा, विम्याला ते लागतात. आणि पारा वर चढायच्या आधी बेसमेंटच्या सम्प पंपाच्या (तळाशी साचलेलं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाच्या) खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून तो सुरू होतो का ते बघा. त्याचं बाहेरचं तोंड आणि गटाराकडे जाणारी पन्हाळीची वाट बर्फातून मोकळी करा, कारण हा सगळा बर्फ एकाच पावसात पाणी होऊन घराच्या पायाशी येतो.